धुऊन टाकलेले एकेचाळीस दिवस

ऋतुजाचं नाव आधी लिहिते, बाकी सगळं तिच्या मागून येऊ दे. बिद्रीच्या साखर कारखान्याची चिमणी जिथून दिसते अशा एका गावातली ही मुलगी, माझ्यापेक्षा सोळा-सतरा वर्षांनी लहान. तिनं माझी नोकरी वाचवली. तिच्या एकेचाळीस दिवसांच्या कामावर मी नळाचं पाणी सोडलं होतं, हे तिला ठाऊक होतं. तरी वाचवली.

मराठीच्या सरांनी दिवाळी अंकासाठी प्रयोगशाळेतलं काहीतरी लिहून द्या म्हटलं, तेव्हा मी आधी नाही म्हणाले. लिहायचं म्हटलं की अजून माझ्या तळहाताला घाम येतो. मग वाटलं, ही गोष्ट कॉलेजात चार जणांना माहीत आहे, आणि चौघंही माझ्याशी चांगलं वागतात म्हणून कधी तोंडातून काढत नाहीत. तर मीच सांगते.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. परिचर म्हणजे मुलं यायच्या आधी येणारी आणि मुलं गेल्यावर जाणारी बाई. बाटल्या भरायच्या, बर्नर तपासायचे, गाळणकागद कापून ठेवायचे, फुटलं ते वहीत मांडायचं आणि सगळ्यात जास्त म्हणजे धुवायचं. प्रयोग मुलं करतात, निष्कर्ष मॅडम काढतात, आणि त्या दोघांच्या मध्ये जे बुडाशी चिकटून राहतं ते माझं.

मी मूळची भंडारा जिल्ह्यातली, वैनगंगेच्या काठची. गावात आठवीपर्यंत शाळा होती, नववीला नदी ओलांडावी लागे. डोंगा चालवणारा म्हातारा त्या साली अंथरुणाला खिळला, आणि आम्ही पाच मुली एकेक करून जाईनाशा झालो. माझी शाळा कुणी बंद केली नाही. ती नुसती पलीकडच्या काठावर राहिली. पुढं लग्न झालं, आमचे हे इथल्या फौंड्रीत लागले, आणि आमच्या स्टेशनात दोन मिनिटं थांबणाऱ्या गाडीचं शेवटचं स्टेशन कोल्हापूर आहे हे मला त्या गाडीत बसल्यावर कळलं. एक अख्खा दिवस आणि वर काही तास. माणूस याहून लांब जाऊच शकत नाही असं तेव्हा वाटलं होतं.

पहिले दोन महिने मला वाटायचं, इथली सगळी माणसं एकमेकांशी भांडतायत. नंतर कळलं, ती फक्त 'जेवलासा का' असं विचारतायत.

आम्ही कळंब्याला खोली घेतली. मी तळ्यांच्या मुलखातली, त्यामुळं कळंब्याच्या तलावानं मला धरून ठेवलं. रविवारी मी बांधावर जाऊन बसायचे. पाणी सगळीकडं सारखंच बोलतं. डोळे अर्धे मिटले की पलीकडच्या काठावर माझी शाळा दिसायची, पांढऱ्या चुन्याची, उन्हात थरथरणारी.

आता खोटेपणाचं सांगते. प्रयोगशाळेतली जागा तात्पुरती होती, दर जूनमध्ये नेमणूक नवी व्हायची, आणि अट होती दहावी पासची. चौगुले मॅडमनी, म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुखांनी, विचारलं तेव्हा मी म्हणाले, दहावी झालीय, कागद गावाकडं आहेत. तेवढंच वाक्य. पण ते दर जूनमध्ये मला परत म्हणावं लागायचं, आणि दर वर्षी गाव थोडं आणखी लांब गेल्यासारखं वाटायचं.

मला घडवलं ते बंडामामांनी. ते तीस वर्षांचे जुने परिचर, अंगानं बारीक, आवाजानं मोठे. माझ्या तोंडी भंडाऱ्याचं 'हो जी, नाही जी' असायचं. मामा पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "वैनी, ते जी तेवढं सोडा. मला माझा सासरा हाक मारल्यागत वाटतंय."

धुणं शिकायलाच मला पाच-सहा महिने लागले. घरात भांडं चकचकीत दिसलं की झालं. काचेचं तसं नाही. मामा धुतलेलं चंचुपात्र उजेडाला धरायचे आणि पाणी ओतून द्यायचे. पाणी आतून सलग, एका पदरासारखं उतरलं पाहिजे. कुठं एक थेंब जरी अडकून बसला, तरी तिथं काहीतरी राहिलंय. ज्याला थेंब चिकटत नाही त्याला मामा 'कोरं' म्हणायचे. "काच ही म्हशीगत असती," ते सांगायचे, "रोज हात फिरला की वळख धरती." माझ्या हाताची ओळख तिनं लवकर धरली. दुसऱ्या वर्षी मामांनी माझी भांडी बघायचं बंद केलं. मला दुसरं कुठलं बक्षीस मिळालं नाही, हेच मिळालं.

बाटल्यांवरची छापील इंग्रजी नावं मी चित्रासारखी पाठ केली होती. अक्षर न अक्षर वाचता येत नव्हतं, पण बाटली तोंडावरून ओळखायची. मोरचूद निळा, आमच्या तळ्यावरच्या खंड्याच्या पाठीसारखा. पोटॅश परमँगनेटचा एक कण पाण्यात टाकला की जांभळी शेपटी काढत खाली जातो, मुरका मारून. सकाळी साडेनऊला पूर्वेच्या खिडकीतून ऊन आलं की मांडणीवरच्या बाटल्यांचे रंग समोरच्या भिंतीवर पडायचे आणि हळूहळू खाली सरकायचे. तेवढी दहा मिनिटं मी हातातलं काम ठेवून बघत बसायचे. त्या वेळी मी शिकलेली की न शिकलेली, याचा कुणाला काही फरक पडत नव्हता.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. एक तालमीतला पैलवान होता, त्याच्या दोन बोटांत परीक्षानळी धरली की तिचा चुरा. मामा ओरडायचे, "नळी हाय ती, गदा न्हाय." शेवटी तो नळी धरायला लाकडी चिमटा वापरू लागला आणि वर्षअखेर मला म्हणाला, वैनी, या वर्षी आखाड्यात सुद्धा माझी पकड हलकी झालीया. परीक्षेच्या दिवशी ओळखायला दिलेला क्षार कोणता हे काढून घ्यायला मुलं भडंगाच्या पुड्या घेऊन यायची. भडंग मामा खायचे, क्षाराचं नाव सांगायचे नाहीत. पन्हाळ्याकडचे एक शेतकरी रुमालात गूळ बांधून आले, रंग जास्तच पिवळा आलाय, कुणी औषध मारलंय का बघा म्हणाले. "पावणं, ही कॉलेज हाय, मार्केट यार्ड न्हाय," असं मामांनी सांगून बघितलं. पण चौगुले मॅडमनी तो गूळ ठेवून घेतला आणि तपासून दिला. मॅडम जैन, वर्षभर दिवस मावळायच्या आत जेवायच्या, म्हणून पाच वाजता प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात डबा उघडायच्या. त्या वेळी त्यांच्याशी बोलायला सगळ्यात सोपं जायचं.

ऋतुजा आली ती माझ्या तिसऱ्या वर्षी. ती दाराशी येऊन "मी आलो वैनी" म्हणाली. इकडच्या मुली स्वतःला आलो-गेलो करतात याची मला एव्हाना सवय झाली होती, पण तिच्या तोंडी ते फार बरं वाटलं. नव्या धोरणात मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेचाही विषय घेता येतो. बाकीच्यांनी सोपं काहीतरी घेतलं, हिनं रसायनशास्त्राला मराठी जोडलं, आणि मराठीतही मोडी लिपी. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे सकाळी ॲसिड, दुपारी कविता. पोटात काय व्हईल गं तुझ्या?"

मंगळवारी प्रात्यक्षिक संपलं की ती ॲप्रन अंगावर तसाच ठेवून मोडीच्या तासाला पळायची. कुजक्या अंड्याच्या वासाचा गॅस केलेला असला की मराठीवाली मुलं बाक सरकवून बसायची. तिनं जुन्या शाईबद्दल काही विचारलं की रसायनाचे सर म्हणायचे हे कलाशाखेचं काम, मराठीचे सर म्हणायचे हे तुमच्या बाटल्यांचं काम. ती मधल्या जिन्यात बसून दोन्ही वह्या मांडीवर उघडी.

तिच्या घरी एका डब्यात जुना मोडीतला कागद होता, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांचा. तिनं एकदा तो दोन काचांमध्ये धरून मला दाखवला. ज्या ठिकाणी अक्षरं होती तिथं कागदच नव्हता. शाईनं कागद खाल्ला होता. खिडकीकडं धरल्यावर उजेड बरोबर अक्षरांच्या आकारातून आत आला, ओळीच्या ओळी, आणि तिच्या गालावर सांडला. शाई गेली होती, कागद गेला होता, पण कुणाची पाळी कधी ते अजून वाचता येत होतं. मी कितीतरी वेळ बघत राहिले.

तिचा प्रकल्प तोच. हिरडा उकळून त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घातला की जुन्या पद्धतीची काळी शाई होते. ती कागद का खाते आणि खाणं थांबवता येतं का, हे बघायचं. मी भांडी धुता धुता म्हणाले, आमच्याकडं माशांचं जाळं असंच काळं करतात. बाबा येनाच्या, म्हणजे इकडच्या ऐनाच्या, झाडाची साल उकळायचे, जाळं त्यात भिजवायचे आणि मग तळ्याच्या काळ्या चिखलात दाबून ठेवायचे. वर काढलं की काळंभोर. पण चिखल नीट धुतला नाही तर दोन पावसाळ्यांत जाळं हातात तुटून येतं. म्हणून बाबा शेवटचा हात चुन्याच्या निवळीतून द्यायचे.

ऋतुजा लिहायची थांबली. "निवळी आमच्या गुऱ्हाळात पण घालत्यात की रसात," ती म्हणाली. "आंबटपणा मारायला."

त्या दिवशी आम्ही तिघी, ती, मी आणि मांडणीवरची चुन्याच्या निवळीची बाटली, एकाच गावच्या असल्यासारख्या झालो. आमच्या दोन नद्यांचं पाणी त्या बाटलीत एकत्र आलंय असं मला उगीचच वाटत राहिलं.

तिनं चोवीस काचेच्या बश्या मांडल्या. प्रत्येकीत शाईनं रेघ मारलेली कागदाची पट्टी, काही नुसत्या, काही निवळीतून काढलेल्या, आणि खाली ओला कापूस. रोज दहा वाजता ती रंग बघून वहीत लिहायची. साठाव्या दिवशी प्रत्येक पट्टी घडी घालून बघायची होती, कितव्या घडीला तुटते ते. ते केलं तरच उत्तर मिळणार, नाहीतर साठ दिवसांची नुसती रंगांची यादी.

बश्यांवर तिनं चिठ्ठ्या लावल्या होत्या. त्या मोडीत लिहिलेल्या. तिची मोडीची परीक्षा तोंडावर होती, म्हणून हात बसायला जिथं तिथं मोडीत लिहायची. हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी त्या चिठ्ठ्यांवर एकमेकांत गुंतलेली, वळणाची, न तुटणारी अक्षरं बघितली आणि समजले की हे घाईतलं इंग्रजी. ज्याला मी सगळ्यात जास्त घाबरते तेच.

विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा असते तेव्हा बाहेरगावचे परीक्षक येतात. त्याच्या आदल्या दुपारी प्रयोगशाळा कोरी करून द्यायची, ही आमच्याकडची रीत. ओट्यावर एक थेंब नको, ज्याच्यावर नाव वाचता येत नाही असं काही मांडणीवर नको. मामा त्या दिवशी पुतण्याच्या साखरपुड्याला नृसिंहवाडीला गेलते. मी एकटीच होते. खिडकीखालच्या फळीवर त्या चोवीस बश्या होत्या, पट्ट्या डागाळलेल्या, कापूस पिवळा पडलेला. आठवडाभर ऋतुजा तापानं घरी होती आणि तिच्याऐवजी एक मैत्रीण रंग लिहून जायची, ते मी बाजूच्या भांडारात असायचे त्या वेळेत. परीक्षेआधी चालू प्रयोग पलीकडच्या खोलीत हलवायचे असतात, म्हणून मला वाटलं, ऋतुजाच्या बश्या मैत्रिणीनं तिकडं नेल्या असतील, ह्या तशाच, कुणाच्या तरी जुन्या पडून आहेत. खात्री करायची तर चिठ्ठी वाचायला हवी. चिठ्ठी वाचायची तर कुणाला तरी विचारायला हवं. जिन्यात दोन शिक्षक उभे होते. मी चिठ्ठी हातात घेऊन दारापर्यंत गेले आणि परत आले. इंग्रजी वाचून द्या म्हटलं की पुढचा प्रश्न काय येईल, हे मला माहीत होतं.

मी बश्या धुतल्या. अगदी मन लावून धुतल्या. शेवटच्या बशीतून पाणी सलग उतरलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षा चालू असताना ऋतुजा आली, चेहरा उतरलेला, तापातून नुकती उठलेली. फळीकडं गेली. मग भांडी ठेवायच्या जाळीकडं गेली. तिथं चोवीस बश्या उन्हात पालथ्या होत्या. तिनं एक उचलून उजेडाला धरली, जशी मामा धरायचे, आणि परत जागेवर ठेवली. मला अजून काही कळलं नव्हतं. कळलं ते चौगुले मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा, पट्ट्या कुठं गेल्या म्हणून.

"माझ्या हातनंच टाकल्या गेल्या मॅडम," ऋतुजा म्हणाली. "काल तापातच येऊन गेलो होतो. लक्षात आलं न्हाय."

मॅडम तिला बरंच बोलल्या. एरवी त्यांचा आवाज कधी चढत नाही, त्या दिवशी चढला. सादर करायला तीन आठवडे उरले होते. मी हातात खल धरून उभी होते.

नंतर पाण्याच्या टाकीजवळ मी तिला गाठलं. तिच्याकडं बघवत नव्हतं. तिनंच सांगितलं की इतक्या कोऱ्या बश्या माझ्याशिवाय कुणी धूत नाही, हातात घेतल्या घेतल्या समजलं. मी म्हणाले, चिठ्ठीवरचं इंग्रजी मला लागलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. तिला काय काय कळलं असेल ते तेवढ्यात कळलं.

"वैनी, ती मोडी होती," ती हळूच म्हणाली. "इंग्रजी नव्हतंच."

मग मी विचारलं, माझं नाव का नाही घेतलंस. त्यावर ती जे बोलली ते मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे.

"घेतलं असतं तर माझे दिवस परत आले असते व्हय? न्हाय की. जूनमध्ये तुमचं नाव तेवढं गेलं असतं. मग एकीचं बुडालंय तर दोघींचं कशाला बुडवायचं?"

तिनं नव्या पट्ट्या मांडल्या. या वेळी चिठ्ठ्या देवनागरीत. मी रोज दहा वाजता कापूस ओला आहे का बघायचे आणि रोज ठरवायचे, आज मॅडमना सांगायचं. पाच वाजता मॅडम डबा उघडायच्या आणि मी बर्नर पुसत राहायचे. असे अठरा दिवस गेले. त्या दिवसांत मला एकच स्वप्न पडायचं. वैनगंगेत बाबा जाळं ओढतायत, आणि जाळ्यात मासे नाहीत, बारकी काळी अक्षरं आहेत, वळवळणारी. बाबा ती माझ्या ओंजळीत देतात, वाच म्हणतात, आणि ती बोटांमधून पाण्यात परत जातात.

प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक वयस्क सर आले होते, चष्मा कपाळावर ठेवून वाचणारे. मी पाण्याचे पेले घेऊन आत गेले तेव्हा त्यांचं बोट ऋतुजाच्या तक्त्यावर होतं. एकेचाळिसाव्या दिवसानंतर परत पहिला दिवस कसा, असं ते विचारत होते. ऋतुजानं तेच सांगितलं, माझी चूक. सर म्हणाले, एकेचाळीस दिवस जपलं ते बेचाळिसाव्या दिवशी कसं टाकवतं? त्यांनी पानं मागं उलटली आणि आभाराच्या पानावर थांबले. मोठ्यानं वाचलं. जाळं काळं करण्याची रीत आणि चिखल धुण्याचं कारण सांगितल्याबद्दल प्रयोगशाळेतल्या सौ. वनिता शेंडे यांचे आभार. या कोण, त्यांनी विचारलं.

ते पान तिनं बश्या धुतल्याच्या नंतर लिहिलं होतं.

"मी, जी," मी म्हणाले. किती वर्षांनी तो जी परत आला. मग थांबताच आलं नाही. "आणि सर, त्या बश्या मी धुतल्या. हिनं नाही. मला चिठ्ठी वाचता आली नाही. मला वाटलं इंग्रजी आहे, मला इंग्रजी वाचता येत नाही. माझी दहावी झालेली नाही."

मॅडमकडं बघायचं धाडस मला झालं नाही. सरांनी चिठ्ठी आहे का विचारलं. ऋतुजाच्या वहीत एक जुनी चिकटवलेली होती. त्यांनी चष्मा खाली ओढला, चिठ्ठी सरळ धरली, उलटी धरली, आणि चौगुले मॅडमपुढं केली. मॅडमनीही नाही म्हणून मान हलवली.

"मग बाई, आपण तिघंही नापास," सर म्हणाले. आणि ऋतुजाकडं वळून म्हणाले, "चिठ्ठी आपल्यासाठी लिहायची नसते, पोरी. आपल्याला माहीत असतंच. ती दुसऱ्यासाठी असते."

गुण त्यांनी कापले. अठरा दिवसांवर उत्तर निघत नाही, ते बरोबरच होतं. तिचा पहिला नंबर गेला. त्याबद्दल ती माझ्यापाशी एकदाही बोलली नाही, आणि बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

पाच वाजता मॅडमनी मला बोलावलं. डबा उघडा होता, पण त्यांनी हात लावला नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, "गावाकडं कागद आहेत का, वनिता?" मी नाहीत म्हणाले. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, तीन वर्षं ऑफिसात मी सांगत होते, येतील तिचे कागद, बाई खरी आहे. हे ऐकल्यावर मला नोकरी गेली तरी चालेल असं वाटलं. मी त्यांनाही खोटं बोलायला लावलं होतं, त्यांच्या नकळत.

ऑफिसात त्या काय बोलल्या मला माहीत नाही. जूनमध्ये नेमणूक मिळाली ती सहा महिन्यांची, दहावीला बसायच्या अटीवर. त्याच आठवड्यात ऋतुजा सतरा नंबरचा फॉर्म, बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा, घेऊन हजर. "फॉर्म भरालोय तुमचा. जन्मतारीख सांगा. खरी सांगा," म्हणाली, आणि हसली. पुढचे सहा-सात महिने दुपारच्या सुट्टीत जिन्यात बसून तिनं मला इंग्रजी शिकवलं. ओट्यावर सांडलेल्या पाण्यानं अक्षरं काढून दाखवायची, ती वाळायच्या आत मी वाचायची. मामा वरून जाताना विचारायचे, "काय, उजेड पडला का न्हाय?" पहिल्या खेपेला इंग्रजीचा पेपर राहिला. जुलैत परत दिला. निकाल मामांनी वाचला आणि मला सांगायच्या आधी सगळ्या मजल्याला सांगितला.

ऋतुजा पुढं शिकायला दिल्लीकडं गेली. जुने कागद दुरुस्त करायचं शिक्षण असतं, तिकडं. त्याला शाई पण कळावी लागते आणि लिहिलेलं पण कळावं लागतं. तिला विचारणारे आता कुणी म्हणत नाहीत की हे तिकडचं काम. ती गेली त्या दिवशी मी घरी जाताना कळंब्याच्या बांधावर थांबले. पलीकडच्या काठावर शाळा दिसली नाही. नुसती झाडं होती आणि त्यांच्या पाण्यातल्या सावल्या.

दुसऱ्या सकाळी मी मॅडमकडं खिडकीखालची फळी मागितली.

तिथं आता चोवीस बश्या आहेत. हिरडा मीच उकळला, हिराकस तिच्या वहीतल्या मापानं घेतला. प्रत्येक बशीवर चिठ्ठी आहे, मराठीत आणि खाली इंग्रजीत, माझ्या हातची. रोज दहा वाजता मी एक ओळ लिहिते. सुट्टीतही येते. एकेचाळिसावा दिवस केव्हाच मागे पडला, साठावाही. नुसत्या पट्ट्यांची रेघ काळ्याची तपकिरी झाली, आणि कडेनं कागदाला गंज चढल्यासारखा रंग आला, पावसाळ्यातल्या नदीचा. निवळीतल्या पट्ट्या अजून शांत आहेत. घडी मी घालून बघितलेली नाही. ती घालण्याचा मान माझा नाही.

ऋतुजा, हा अंक तुझ्यापर्यंत पोचेल की नाही माहीत नाही. पण तुझे एकेचाळीस दिवस मी तुला परत करणार आहे, वर जे साठले असतील तेही. एक दिवस ती वही आणि चोवीस बश्या घेऊन मी इथून गाडीत बसेन, आणि या वेळी शेवटचं स्टेशन कुठलं ते मला आधीच माहीत असेल. घड्या तू घालायच्या, मी मोजीन. तोवर त्या बश्यांवर मी नळाचं पाणी सोडणार नाही.